आज्ञावली शिकताना : नवशिक्यांच्या अडचणी व त्यांची उकल



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे त्याने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. संगणकाच्या आज्ञावल्या हा इंजिनियरांचा प्रांत, तेथे याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पण हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे. आज कामगाराच्या हाती जी पगाराची चिठ्ठी पडते, ती बहुतेक ठिकाणी कारकून लिहीत नाही. हजेरी यंत्र घेते आणि आकडेमोड आज्ञावली करते. पूर्वी हिशेबात फरक आला तर खिडकीशी जाऊन कारकुनाला गाठता येत असे. मस्टर उघडा, कोणत्या दिवसाचा खाडा धरला ते दाखवा, असे म्हणता येत असे. आता उत्तर मिळते, 'सिस्टिममध्ये असेच आहे.' जणू सिस्टिम म्हणजे आकाशवाणीच! ज्याला त्या भाषेतले एक वाक्यही वाचता येत नाही, त्याला या उत्तरापुढे गप्प बसावे लागते.

दुसरे कारण आमच्या मुलांचे आहे. आमचे स्वतःचे शालेय शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही, ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि युनियनच्या कचेरीत भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात मुलांच्या शेजारी बाकावर बसून. त्या बाकावरून आम्ही एक गोष्ट पाहिली. जी मुले हे शिक्षण अर्धवट सोडतात, ती बुद्धी कमी पडली म्हणून सोडत नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांना सात-आठ ठराविक अडथळे लागतात. ते सर्वांनाच लागतात. पण ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याला वाटते की हा अडथळा आपल्या एकट्याच्याच वाट्याला आला. हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे. एवढे मनात आले की मूल उठून जाते. म्हणून ते अडथळे कोणते आणि ते ओलांडावे कसे, हे आज चारचौघांत बोलावयाचे आहे.

ज्या भाषेतली उदाहरणे आम्ही देणार आहोत तिचे नाव जावा. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९९५ साली जगापुढे आणली; तिचे प्रमुख शिल्पकार जेम्स गॉस्लिंग. या पद्धतीच्या भाषांत सारा व्यवहार 'वस्तूं'चा असतो. वस्तू कशी असावी याचा जो नमुना लिहून ठेवतात, त्याला म्हणतात 'वर्ग'. वर्ग हा शब्द आम्ही जन्मभर सभांतून उच्चारीत आलो, तेव्हा या नव्या ठिकाणी तो भेटला तेव्हा आम्हास जुना सोबती भेटल्यासारखे झाले! येथे मात्र त्याचा अर्थ साधा आहे. हजेरीपत्रकाचा कोरा छापील नमुना म्हणजे वर्ग. तो भरून तयार झालेले एकेक पत्रक म्हणजे वस्तू. नमुना एक, पत्रके हजार. प्रत्येक पत्रकात कामगाराचे नाव, त्याचे तास, त्याचा दर. आणि 'तुझा पगार किती?' असे विचारल्यावर उत्तर काढण्याची रीतही त्या पत्रकापाशीच. बाहेरच्या कोणी परस्पर आत हात घालून तास बदलू नयेत, म्हणून आतल्या गोष्टी 'खाजगी' ठेवता येतात आणि जो बदल करावयाचा तो ठराविक खिडकीतूनच करावा लागतो. आकडे कोणाच्या ताब्यात आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवून ठेवणे, हाच या पद्धतीचा मोठा गुण.

ही कल्पना कोणाची, हे ऐकून आपणांस गंमत वाटेल. नॉर्वे देशातल्या ऑस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात 'सिम्युला' नावाची भाषा घडवली. १९६७ च्या तिच्या आवृत्तीत वर्ग आणि वस्तू या कल्पना स्पष्ट रूपाने आल्या. या कामाबद्दल दोघांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. यातले निगार्ड १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्यात संगणक येत होते. मालकाकडे त्याचे जाणकार होते, कामगारांकडे कोणी नव्हते. तेव्हा कामगारांनीच हे ज्ञान मिळवावे, यंत्रणा काय करते ते समजून घ्यावे आणि मग वाटाघाटीस बसावे, असे ते काम होते. त्यातूनच पुढे यंत्रणेची माहिती मिळण्याचा कामगारांचा हक्क तेथील करारांत मान्य झाला. ज्याने ही वस्तूंची पद्धत घडवली, त्यानेच ती कामगारांच्या बाकावर आणून ठेवली. तेव्हा आज आम्ही हा विषय घेतला यात अगदीच उपरेपणा आहे असे नाही!

असो. आता अडथळ्यांकडे वळू.

पहिला अडथळा भागाकाराचा. समजा, एका कामगाराने ९० मिनिटे जादा काम केले. नवशिका लिहितो, ९० भागिले ६०. कोणीही सांगेल, उत्तर दीड तास. जावा सांगते, १. तिची रीत अशी की दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांकच द्यावयाचे. उरलेला अपूर्णांक ती टाकून देते. जवळच्या अंकाकडे वळवीतही नाही, सरळ टाकते. यातली खरी मेख पुढेच आहे. मुलगा म्हणतो, उत्तर ठेवायला मी दशांशाचे भांडे घेतो. भांड्याचे नाव 'डबल'. तरीही आत पडतो तो १ च! कारण भागाकार आधी होतो आणि भांडे नंतर पुढे येते. सांडून गेलेले पाणी मोठी घागर आणून परत येत नाही. उपाय सोपा आहे. ६० ऐवजी ६०.० लिहावे, म्हणजे भागाकारच दशांशात होतो. किंवा आधी दराने गुणावे आणि भागाकार अखेरीस करावा.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. रोजचा अर्धा तास असा गळाला तर २६ दिवसांचे १३ तास होतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर घालून दिला. त्या दराने धरले तर साध्या दराचे २६ तास, म्हणजे आठ तासांच्या तीन दिवसांहून अधिक मजुरी! आणि यात चोर कोणीच नाही. एका वाक्यात एक टिंब आणि एक शून्य कमी आहे, इतकेच.

दुसरा अडथळा पैशांचा. दशांशाच्या भांड्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा. जावा छापते ०.३०००००००००००००००४. मुलगा डोळे चोळतो. यंत्र बिघडले म्हणतो. यंत्र बिघडलेले नसते. एकाचे तीन भाग दशांशात लिहू गेल्यास ०.३३३ असे संपतच नाही, हे आपण शाळेत शिकलो. यंत्र दोन अंकांवर मोजते. त्याच्या मोजणीत एक दशांश हा असाच न संपणारा अपूर्णांक आहे. तो कोठेतरी तोडावा लागतो, आणि तोडला की कण उरतो. असे कण साठले म्हणजे काय होते? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात दहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट ही संरक्षक यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते, आणि तोडलेल्या कणांचा फरक साठत साठत सेकंदाच्या तिसऱ्या भागावर गेला होता. तेथे जावा भाषा नव्हती. पण रोग हाच होता. म्हणून पैशाचा हिशेब दशांशात करू नये. रुपये मोडून पैसे करावेत आणि पूर्णांकात मोजावे. नाही तर जावात 'बिगडेसिमल' नावाची खास सोय आहे, ती घ्यावी.

मात्र पूर्णांकाच्या भांड्यालाही तळ आणि काठ आहेत. जावातले नेहमीचे पूर्णांकाचे भांडे, ज्याला 'इंट' म्हणतात, त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो. त्यात आणखी एक घातला की भांडे ओरडत नाही, फुटत नाही. मुकाट्याने उणे २,१४,७४,८३,६४८ दाखवते. एखाद्या पतपेढीचा निधी पैशांत मोजू लागलो आणि तो सव्वादोन कोट रुपयांपर्यंत पोहोचला, तर पतपेढी कागदावर एका क्षणात कर्जबाजारी होईल! अशा ठिकाणी 'लाँग' हे मोठे भांडे घ्यावे.

तिसरा अडथळा तुलनेचा. मुलगी लिहिते, कळफलकावरून आलेला शब्द 'हजर' असेल तर दिवस मोजा. ती टंकते 'हजर', आणि आज्ञावली म्हणते, नाही, गैरहजर. समोर शब्द दिसतो आहे, तरी यंत्र नाकारते! याचे कारण असे की जावात दोन वेगळे प्रश्न आहेत. जोडीने लिहिलेली दोन बरोबरची चिन्हे विचारतात, 'ही दोन्ही नावे एकाच वस्तूची काय?' आणि 'इक्वल्स' हा शब्द विचारतो, 'या दोन वस्तूंतला मजकूर सारखा काय?' एकाच वर्तमानपत्राचे दोन अंक घ्या. मजकूर अक्षरशः सारखा. पण तुमचा अंक तो माझा अंक नव्हे. कळफलकावरून आलेला 'हजर' आणि आज्ञावलीत लिहिलेला 'हजर' हे असे दोन अंक आहेत. घोटाळा वाढतो तो असा की दोन्ही शब्द आज्ञावलीतच लिहिलेले असले तर जावा काटकसरीने एकच प्रत ठेवते, आणि चुकीचा प्रश्नही बरोबर उत्तर देतो. वर्गात चालले आणि घरी चालले नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. शब्दांची तुलना नेहमी 'इक्वल्स'ने करावी, हा नियम गाठीस बांधावा.

चौथा अडथळा एकाच वस्तूला दोन नावे पडण्याचा. पन्नास कामगारांची नावे भरली, यादी छापली, तर पन्नासही ओळींवर शेवटच्याच माणसाचे नाव! असे का व्हावे? मुलाने पत्रक एकदाच तयार केले. मग फेरी सुरू केली. प्रत्येक फेरीत त्याच पत्रकावरचे नाव खोडून नवे लिहिले आणि तेच पत्रक यादीला पुन्हा टाचले. यादीत पन्नास पत्रके नाहीत, एकाच पत्रकाकडे दाखवणारी पन्नास बोटे आहेत. नवी वस्तू मागणारा जो 'न्यू' शब्द आहे तो फेरीच्या आत घ्यावा, म्हणजे दरवेळी कोरे पत्रक मिळते. तसेच 'अ बरोबर ब' लिहिल्याने वस्तूची नक्कल होत नाही. एकाच माणसाला घरी बंडू आणि कामावर विष्णुपंत म्हणावे, तसे दुसरे नाव मात्र पडते. बंडूचे केस कापले म्हणजे विष्णुपंतांचेही कापले गेले!

पाचवा अडथळा 'नल'चा, म्हणजे रिकाम्या जागेचा. पन्नास कामगारांसाठी पन्नास जागांची रांग मागितली आणि पहिल्याच कामगाराला पगार विचारला, की आज्ञावली कोसळते. रांग मागितल्याने पन्नास खुंट्या भिंतीवर आल्या. त्यांवर बिल्ले अजून कोणी लावलेच नाहीत. रिकाम्या खुंटीला पगार विचारला तर ती काय सांगणार? प्रत्येक जागी 'न्यू' म्हणून वस्तू ठेवावी लागते. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे वस्तू घडवताना 'नाव बरोबर नाव' असे लिहिणे. बाहेरून आलेले नाव आणि वस्तूचे स्वतःचे नाव, दोन्हींचा उच्चार एकच. यंत्र बाहेरच्या नावात बाहेरचेच नाव घालते आणि वस्तू बिचारी निनावी राहते. 'दिस' शब्द लावून 'या वस्तूचे नाव' असे स्पष्ट म्हणावे लागते. ही रिकाम्या नावाची कल्पना टोनी होअर या विद्वानाने १९६५ साली एका भाषेत आणली, आणि २००९ साली भर सभेत तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. तेव्हा एवढ्या मोठ्या माणसाला जी पुरून उरली, तिच्यापायी आपल्या मुलाने रडण्याचे कारण नाही.

सहावा अडथळा मोजणीच्या आरंभाचा. जावा मोजते शून्यापासून. सहा जागांच्या रांगेतली पहिली जागा शून्य, शेवटची पाच. सहा क्रमांकाची जागाच नाही. चाळीत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो. तीन मजल्यांची इमारत म्हटली तर वरचा मजला दुसरा. हे ज्याला कळले त्याला ही मोजणी कळली. फेरी लिहिताना 'सहाहून कमी' म्हणावे. 'सहा किंवा कमी' म्हटले की पाय गच्चीबाहेर पडतो. जावा तेथेच थांबवते आणि सांगते की सहाच्या रांगेत सहा क्रमांक मागितलात.

येथे आम्हास सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. यंत्र चूक सांगते, पण मुले ती वाचीत नाहीत. लाल अक्षरांचा लोंढा पडद्यावर आला की त्यांची छाती दडपते. जणू कारणे दाखवा नोटीसच आली! वास्तविक त्यात सारे असते. पहिल्या ओळीत चुकीचा प्रकार. पुढे ती कोठे झाली त्या जागांची यादी. त्यांतली आपल्या स्वतःच्या फाईलचे नाव असलेली पहिली ओळ शोधावी आणि तिथला आकडा पाहावा. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत तर कोणते नाव रिकामे होते तेही यंत्र सांगू शकते. चालवण्यापूर्वीच्या तपासणीत वीस चुका दाखवल्या, तर घाबरू नये. एक कंस मिटावयाचा राहिला की खालच्या साऱ्या ओळी दोषी दिसू लागतात. वरची पहिली चूक दुरुस्त करावी आणि पुन्हा तपासावे. वीसच्या पाच होतात, पाचाची एक होते.

आणि मदत मागावयाची ती तक्रारअर्जासारखी. आमच्याकडे कामगार येतो आणि म्हणतो, 'साहेब, अन्याय झाला.' आम्ही विचारतो, बाबा, कोणत्या तारखेला? कोणत्या खात्यात? तुला काय मिळावयास हवे होते आणि काय मिळाले? या चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणली की अर्धा तंटा तेथेच सुटतो. 'आज्ञावली चालत नाही' हीसुद्धा तशीच मोघम तक्रार आहे. मी हे दिले, हे यावयास हवे होते, हे आले, आणि अमुक ओळीपर्यंत सर्व ठीक होते, असे लिहा. पुष्कळदा लिहिता लिहिता उत्तर सापडते. सापडले नाही तर पाटीवर प्रत्येक भांड्याचे नाव लिहा, एकेक ओळ बोट ठेवून वाचा आणि भांड्यातला आकडा बदलत चला. जेथे पाटी आणि पडदा यांचे जमत नाही, तेथे चूक. एका वेळी एकच बदल करा. चार बदल एकदम केले आणि काम झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. न कळलेला विजय पुढच्या खेपेस उपयोगी पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, आता तर आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही आली. मग हे शिकण्याची यातायात कशासाठी? आमचे उत्तर असे की लिहून देणारा वाढला म्हणजे तपासणाऱ्याची गरज वाढते, कमी होत नाही. ९० भागिले ६० कोणीही लिहून देवो, माणसाने लिहो वा यंत्राने, तो अर्धा तास गेला कोठे हे विचारणारे कोणीतरी या बाजूला असले पाहिजे. आणि विचारण्यासाठी आधी तो गेल्याचे दिसावे लागते.

आपल्या पूर्वीच्या पिढीने सही करावयास शिकणे हा मानाचा प्रश्न केला; अंगठा उठवणारा माणूस कोणत्या कागदाला बांधला जातो हे त्याला कळत नसे, म्हणून. आजचा कागद या नव्या भाषेत आहे. सर्वांनी इंजिनियर व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक पतपेढीत, प्रत्येक मोहल्ल्यात पाच-दहा माणसे अशी असावीत की 'सिस्टिममध्ये असेच आहे' हे उत्तर ऐकल्यावर ती शांतपणे खुर्ची ओढून बसतील आणि म्हणतील, 'ती ओळ जरा दाखवा पाहू.'

ती माणसे आपल्याच घरांतून यावयाची आहेत. उद्या आपला मुलगा वा मुलगी लाल अक्षरांपुढे हिरमुसून बसलेली दिसली, तर तिला एवढेच सांगा, हा अडथळा सर्वांना लागतो. पहिली ओळ वाच.